भुंगा गप्प झाला तेव्हा

गज्या, उद्या तुझी तेरवी आहे आणि देवरावकाकांना माझ्याकडून पत्रक हवं आहे. वर तुझा फोटो, खाली ठळक अक्षरात 'खाणीनं घेतला आमच्या कलावंताचा बळी', आणि त्याखाली तीन परिच्छेद, मी नेहमी लिहिते तसे, चावणारे. फोटो त्यांनी निवडूनसुद्धा ठेवला: गळ्यात बास गिटार, समोर कीबोर्ड, डोळे मिटलेले. मजकूर तेवढा राहिलाय. संघर्ष समितीचे ते अध्यक्ष आणि पत्रकं लिहिणारी मी. आजवर मला एका पत्रकाला एका तासापेक्षा जास्त वेळ लागलेला नाही, हे तुला माहीत आहे. यावेळी आठ दिवस मी आज देते, उद्या देते करते आहे.

कारण तुला खाणीनं मारलं नाही. हे कालपर्यंत फक्त मला माहीत होतं. खाणीवर माझे ढीगभर आरोप आहेत आणि त्यातला एकही मी मागे घेत नाही. घरांना भेगा तिनंच पाडल्या, रस्त्याचा चुरा तिच्याच ट्रकांनी केला, लोकांच्या छातीत धूळ तिचीच. पण तू नाहीस त्या यादीत. तुझं नाव त्या यादीत मी टाकलं तर ते माझ्या हातून झालेलं दुसरं वाईट काम होईल. पहिलं तुला सांगायचं आहे. म्हणजे तुला ते माहीतच असेल आता. तरी सांगते.

आपली ओळख वणीतल्या एका लग्नाच्या मांडवातली. लग्न माझ्या मामेबहिणीचं, आणि मी तिथंही पिशवीत पत्रकं घेऊन गेले होते, इतकी माणसं आयती जमलेली कुठं मिळतात? पंगती चालल्या होत्या. ऑर्केस्ट्रातली बाकी माणसं जेवायला गेलेली आणि स्टेजवर तू एकटा. मला आधी वाटलं पेनड्राइव्ह लावून ठेवलाय. खालून बास चाललाय, वरून कीबोर्डचे सूर पसरलेत आणि माणूस एकच. जवळ येऊन पाहिलं. तुझा डावा हात गिटारच्या मानेवर होता, आणि तो नुसत्या तारा दाबत नव्हता, बोटांनी ठोकत होता. जाड तारेवर बोट आदळलं की सूर निघायचा, छेडायला उजवा हात लागायचाच नाही. उजवा हात समोरच्या कीबोर्डवर. आणि खाली अनवाणी उजवा पाय एका पेडलवर. मधेच तू कीबोर्डच्या तीन-चार पट्ट्या एकदम दाबल्यास, पायानं पेडल धरून ठेवलंस आणि दोन्ही हात उचलून गिटारवर आणलेस. कीबोर्डवर कोणाचाच हात नाही आणि तो वाजतोच आहे. मी विवेकवादी शिबिरांत वाढलेली मुलगी, पण खरं सांगते, मला ते बरं वाटलं नाही. रिकाम्या घरात कोणीतरी बोलत असावं तसं वाटलं.

चप्पल कायले काढली, हे माझं तुला बोललेलं पहिलं वाक्य.

"पायाले दिसलं पाह्यजे ना, पेडल कुठं हाये ते," तू म्हणालास.

मग तू सांगितलंस की तुमचा कीबोर्डवाला ऐन सीझनमध्ये चंद्रपूरला नोकरी लागून निघून गेला, म्हणून दोन्ही कामं तुझ्या गळ्यात पडली. एक गळ्यात, एक पोटासमोर. दोन सासवा हायेत मले, तू म्हणालास, एकीले खुश केलं की दुसरी रुसते. त्या भांडू नयेत म्हणून तू कीबोर्डच्या डावीकडच्या खालच्या पट्ट्यांवर काळी चिकटपट्टी लावून टाकली होतीस. खालचे सूर गिटारचे, तिथं कीबोर्डनं यायचं नाही. दोघी खाली उतरल्या की नुसता चिखल होतो, काही कळत नाही. मी विचारलं, हे कोणी शिकवलं? कोणी नाही, चुकून चुकून समजलं, म्हणालास. जाताना तू माझं पत्रक घेतलंस, उभ्याउभ्या पूर्ण वाचलंस आणि म्हणालास, हे तर आमच्याच गावचं हाये.

तुझं गाव म्हणजे खाणीच्या सुरुंगांच्या धक्क्यातलं. मी वणीची, कचेरीत काम करणाऱ्या बापाची मुलगी; माझ्या घराला भेग नाही. हे तू मला अधूनमधून ऐकवायचास आणि ते बरोबर होतं. त्या दिवसापासून आपल्या सभांना तू यायला लागलास. टेम्पोच्या हौद्यात गिटारचा आवाज मोठा करणारा तुझा अ‍ॅम्प, कीबोर्डचा स्टँड, मी, माझी पत्रकं, आणि काका पुढं ड्रायव्हरशेजारी.

तुझ्या दोन सासवा एका साउंड-मिक्सरमध्ये जोडल्या की तिसरा आवाज यायचा. कोणी काही वाजवत नसताना, घुंऽऽ असा, सारखा. तुम्ही ऑर्केस्ट्रावाले त्याला भुंगा म्हणता. अ‍ॅम्प एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या बोर्डावर, दोघांमधे वायर, तिथून तो येतो, असं तू मला दोनदा समजावलंस आणि मला ते अजून नीट कळलेलं नाही. मला कळायचं एवढंच की माझ्या प्रत्येक भाषणाच्या मागे कोणीतरी घुमत बसलेलं असतं. त्यावर सगळीकडे एकच इलाज करतात. अ‍ॅम्पच्या प्लगची ती मोठी पिन, अर्थिंगची, काढून टाकायची. भुंगा जागच्या जागी मरतो. वणीपासून आर्णीपर्यंत किती डीजेवाल्यांच्या प्लगला ती पिन नाही, जाऊन पाहावं कोणीही. तुझ्या प्लगला होती. तिला कोणी हात लावू नये म्हणून तू प्लगवर बहिणीचं लाल नेलपॉलिश फासलं होतंस. तुझा अ‍ॅम्प जुना, दमट हवेत त्याच्या बॉडीत करंट उतरायचा, ती पिन तो जमिनीत न्यायची, आणि अ‍ॅम्पची बॉडी वायरनं गिटारच्या तारांना जोडलेली, हेही तूच मला सांगितलं होतंस. कीबोर्ड तू सेलवर चालवायचास, व्होल्टेजनं जळू नये म्हणून. गिटारला मात्र लाईटशिवाय इलाज नव्हता.

"भुंगा बोलून राह्यला तोवर मी जित्ता हावो, समज," तू म्हणायचास. मी म्हणायचे, भूत पाळलंयस तू. तू हसायचास आणि अ‍ॅम्पवर थाप मारायचास, बैलाच्या पाठीवर मारावी तशी.

आपलं एक भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. तुझं म्हणणं, माझ्या पत्रकांना खालचा सूर नाही. सगळं वरच्या पट्टीत. दोन मिनिटांत माणसाचा कान बधिर होतो आणि मग तू काहीही ओरड. माझं म्हणणं, तुझ्या बासमध्ये मुद्दे नसतात. लोक ताल धरतात, घरी जातात, खाणीचं काय बिघडतं? महागावच्या सभेहून येताना आपण टेम्पोत यावरून इतके भांडलो की काकांनी गाडी थांबवून मला पुढं बसवलं. तू मागून ओरडून म्हणालास, तू डोक्याकडून ये वं मंजे, मी पोटाकडून येतो, मधात कुठंतरी भेटू. माझ्याकडे चांगलं उत्तर होतं, ते मी पुढच्या भांडणासाठी राखून ठेवलं. ते काय होतं ते आता आठवतही नाही.

मग ती ताटली. तुझ्या घरी फळीवर भांडी उभी लावलेली असतात. दुपारी खाणीचा भोंगा होतो, मग सुरुंग उडतो, आणि फळीवरची एकच स्टीलची ताटली थरथरते. बाकीची भांडी गप्प. तू म्हणालास, म्हणजे धक्क्यालेही सूर हाये. आणि तो शोधायला बसलास. अ‍ॅम्प घरात आणलास, चारी तारांवरचा एकेक सूर वाजवून पाहिलास, ताटली हलेना. शेवटी सगळ्यात जाड तार थोडी थोडी ढिली करत गेलास. एका जागी ताटली बोलायला लागली. मी दारात उभी होते. अ‍ॅम्पचा आवाज फारसा मोठा नव्हता, पण माझ्या पायाखालची जमीन, दाराची चौकट, माझे दात, सगळं एका वेळी कोणीतरी धरल्यासारखं झालं. भिंतीतल्या भेगेतून माती भुरभुरली, थोडीशी, साखरेसारखी.

तुझी आई, कमलमावशी, आतून आली. ते बंद कर, म्हणाली, ब्लास्टिंग झाल्यासारखं वाटते.

तेच पाह्यजे माय, तू म्हणालास. तुझा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. तुझ्यात आणि ताटलीत काहीतरी ठरल्यासारखा.

जनसुनावणीत, सरकारी साहेबांसमोर, ते वाजवायचं, ही तुझीच कल्पना. खाणीचे लोक दरवेळी कागद आणतात, कागदावर लिहिलेलं असतं की धक्का मर्यादेत आहे, घरं जुनी आहेत म्हणून तडकतात. तू म्हणालास, साहेबाच्या टेबलावर पाण्याचा गिलास असते का? असतो, मी म्हणाले. मंग झालं, तू म्हणालास.

आता त्या दिवसाचं.

शाळेचं मैदान, सकाळची वेळ. रस्त्यावर रोज पाणी मारा ही मागणी मी किती पत्रकांत लिहिली होती. कधी टँकर आला नाही. साहेब येणार म्हणून त्या दिवशी आला. रस्ता भिजवला, मैदान भिजवलं, मांडवाखालचीसुद्धा माती काळी झाली. मी खूश झाले. काकांना म्हणाले, पाहा, आपली एक मागणी मान्य झाली.

भुंगा त्या दिवशी भलताच होता. मी गावातल्या सात बायकांना बोलायला तयार केलं होतं. त्यातल्या एकीनंही आयुष्यात माइक धरलेला नव्हता. त्यांचा आवाज आधीच बारीक, त्यात भीती, आणि वर हा घुंऽऽ. साहेब म्हणणार, काही ऐकू आलं नाही, लिहून द्या. हे मी आधी पाहिलेलं आहे. मी तुला म्हणाले, आजच्या दिवस ती पिन काढ. तू म्हणालास, नाही. मी म्हणाले, सगळे काढतात. तू म्हणालास, सगळ्यायच्या मायबापानं ठरवावं त्यायचं, दहा मिनिटं आयकलं की कान विसरते, राहू दे. आणि चहाला गेलास.

तुझ्या पिशवीत टेस्टर होता. मी मिक्सरच्या टेबलामागे खाली बसले, लाल प्लग खोलला, मोठी पिन काढून घेतली, वायर तशीच आत दुमडली, प्लग बंद केला आणि परत लावला. मला वाटतं एवढाही वेळ लागला नाही जेवढा हे लिहायला लागला. भुंगा गेला. मैदानावर एकदम इतकं शांत झालं की माणसं बोलायची थांबली. चिमण्या ऐकू यायला लागल्या. मांडवाचं कापड हलत होतं ते ऐकू यायला लागलं. मला त्या शांततेचा अभिमान वाटला.

तू चहा पिऊन आलास आणि मांडवाच्या कडेलाच थबकलास. मान तिरकी करून ऐकत राहिलास, जनावर हवेचा वास घेतं तसा.

"भुंगा कुठं गेला वं?"

"आपोआप गेला," मी म्हणाले.

तू माझ्याकडे पाहिलंस. थोडा वेळ. मग टेबलाकडे निघालास, बहुतेक वाकून प्लग पाहायला. तेवढ्यात काका म्हणाले, साहेब आले, सुरू करा. तू वळलास. मी सुटले असं मला वाटलं. मला खरंच तेवढंच वाटलं, की पकडली गेले नाही.

बायका बोलल्या. सातही जणी. एकेक शब्द मैदानाच्या टोकापर्यंत गेला. एकीनं तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतून पलीकडचं आभाळ दिसतं असं सांगितलं आणि साहेबांनी मान वर केली. मी तुझ्याकडे पाहिलं, म्हणजे बघ, शब्द, अशा अर्थानं. तू चप्पल काढत होतास.

मग तू ती ढिली तार वाजवलीस. टेबलावरच्या गिलासात पाण्याची गोल गोल वलयं उठली. खाणीच्या अभियंत्यानं गिलासाकडे पाहिलं, साहेबांनी गिलासावर हात ठेवला, आणि हाताखालीही तो थरथरत राहिला. गावातली म्हातारी माणसं उठून उभी राहिली, कारण त्यांच्या पायांना ती वेळ ओळखू येत होती. भोंगा झालेला नव्हता. दुपार व्हायची होती. आणि धक्का मांडवात येऊन बसला होता. मी लिहिलेल्या सगळ्या पत्रकांपेक्षा तो गिलास जास्त बोलला. तुझं बरोबर होतं गज्या. त्या क्षणी मला ते मान्य होतं आणि मी ठरवलं होतं की कार्यक्रम संपला की तुला सांगायचं. ते राहिलं.

त्यावर तू कीबोर्डचे लांब सूर चढवलेस. पट्ट्या दाबल्यास, पेडल धरलंस, दोन्ही हात गिटारवर आणलेस. आणि तिथंच थांबलास. मान मागे गेली, तोंड उघडलं, बोटं तारांवर आवळली. अ‍ॅम्पमध्ये काय सुटून तारांत करंट आला, तो आधी का नाही आला, मला कळत नाही आणि मला कोणी विचारलंही नाही. आम्हाला वाटलं तू रंगलास. तू तसा रंगायचास. मग तू आडवा झालास, गिटार छातीवर, आणि कीबोर्ड वाजतच राहिला. तुझा पाय पेडलवर पडला होता. हात नसताना वाजणारा कीबोर्ड लोकांनी आधी पाहिलेला होता, तुझी ती नेहमीची करामत होती, म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी वाजवल्या. मीही वाजवल्या.

टाळ्या संपल्या तरी तू उठला नाहीस, तेव्हा मांडववाल्यानं मेन स्विच पाडला. मोठे स्पीकर बंद झाले. कीबोर्ड सेलवर होता. त्याच्या पोटातल्या छोट्या स्पीकरमधून ते चार सूर चालूच होते, बारीक, दूर कुठंतरी वाजत असल्यासारखे. आम्ही तुझ्याभोवती ओरडत होतो, कोणी छाती दाबत होतं, कोणी गाडी आणायला पळालं, आणि त्या सगळ्याखालून ते सूर. काकांनी तुला उचलायला पाय धरला. पाय पेडलवरून सुटला आणि आवाज थांबला. डॉक्टरांनी नंतर काय वेळ लिहिली ते मला माहीत नाही. माझ्यासाठी तू तेव्हा गेलास. त्याआधी आम्हाला तू ऐकू येत होतास.

ती पिन माझ्या पर्सच्या चेनच्या कप्प्यात आहे. पोलिसांनी प्लग हातात घेऊन पाहिला नाही. पाहिला असता तरी पिन नसणं ही काही विशेष गोष्ट वाटली नसती त्यांना.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी गेले. सामान कोणीतरी आणून टाकलं होतं. गिटार भिंतीला टेकवलेली, कीबोर्ड खाटेवर, आणि त्याचा लाल दिवा चालू. कोणी बंद केलाच नव्हता. मावशी म्हणाली, बंद कुठून होते ते मले नाही समजत, अन् मले करायचंही नाही, राहू दे जवरी जळते तवरी. आम्ही दोघी त्या दिव्याकडे बघत बसलो. तो कालच्यापेक्षा मंद झालाय की मला तसं वाटतंय, ते ठरवता येत नव्हतं. मग खाणीचा भोंगा झाला. आपण दिलेल्या निवेदनांचा एवढाच उपयोग झालाय की भोंगा वेळेवर होतो. सुरुंग उडाला, ताटली थरथरली, आणि भिंतीला टेकलेली गिटार वाजली. जाड तार. हळू, पण स्पष्ट, आणि बराच वेळ. मला कारण माहीत आहे. तू ती तार धक्क्याच्या सुरात लावलेली, धक्का आला की ती हलणारच, शाळेतलं विज्ञान आहे. मी ते मावशीला सांगायला तोंडही उघडलं. मावशी गिटारकडे न बघता म्हणाली, रोज वाजवन तो आता. आणि मी विज्ञान गिळलं.

तेव्हापासून मला सगळीकडे भुंगा ऐकू येतो. घरचा फ्रीज, स्टँडजवळचा ट्रान्सफॉर्मर, बँकेतली ट्यूबलाईट. त्याची मला भीती वाटत नाही. तो थांबला की वाटते. फ्रीज मधेच गप्प होतो ना, तेव्हा मी जिथं असेन तिथं जमिनीवरून पाय उचलून घेते. आई विचारते काय झालं, मी म्हणते मुंगी. परवा लिहायला बसले होते, 'खाणीनं' एवढा शब्द लिहिला आणि लाईट गेली. पंखा, फ्रीज, शेजारचा टीव्ही, एकदम सगळं गप्प. आणि त्यात मला तुझा प्रश्न ऐकू आला, तसाच, मांडवाच्या कडेवरून. मी कागद फाडला. लाईट जाणं ही आपल्याकडे रोजची गोष्ट आहे हे मला समजतं.

काका वाईट नाहीत, हे तुला माहीत आहे. तुला जाळून आल्यावर ते आठवडाभर नीट जेवले नाहीत. पण ते लढणारे आहेत. ते म्हणतात, टँकरनं जमीन ओली केली का नाही? केली. टँकर खाणीचा का नाही? खाणीचा. मंग खोटं काय हाये त्यात? मी म्हणाले, टँकर आपणच मागितला होता. ते म्हणाले, हे पत्रकात टाकायची गरज नाही. आणि खरंच, असली पत्रकं मी लिहिलेली आहेत. कोणतं वाक्य ठेवायचं आणि कोणतं गाळायचं, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. पिन मीच काढली, हे त्यांना मी काल सकाळी सांगितलं. त्यांनी उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाले, हे तू माझ्याजवळ बोललीस, इथंच संपलं. बाहेर गेलं तर खाण म्हणेल, यांच्याच माणसानं यांचा माणूस मारला. सात बायका बोलल्या ते सगळं वाया जाईल. लढा बसेल, मंजू. आणि तुझं काय होईल ते वेगळंच.

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. म्हणूनच मी लगेच दुपारी तुझ्या घरी गेले. मला वाटलं, तुझ्या आईला सांगते, ती शिव्या देईल, मारेल, हाकलून देईल, आणि ज्याचं त्याला पोचलं असं समजून मी काकांचं पत्रक लिहून टाकीन.

मावशी तेरवीच्या स्वयंपाकाची डाळ निवडत होती. मी समोर बसून सगळं सांगितलं. टेस्टरपासून टाळ्यांपर्यंत. तिचे हात चालूच होते. खडे एका बाजूला, डाळ एका बाजूला. माझं संपलं तेव्हा थांबले.

"त्यानं इचारलं होतं तुले?"

हो, मी म्हणाले, भुंगा कुठं गेला म्हणून.

"मंग?"

आपोआप गेला म्हणाले मी.

"अन् त्यानं आयकलं तुह्यं."

हो.

तिनं सुपातली डाळ हातानं सारखी केली. मग म्हणाली, माह्यं एक आयकलं नाही त्यानं लहानपणापासून. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उठून जाता आलं असतं. मी रडायला लागले तर म्हणाली, रडू नको, मले कामं हायेत. आणि मग तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं, तुझ्यासारखंच, थोडा वेळ.

"मले एकटीले कायले सांगून राह्यली? तू मोकळी होशील अन् मी हे घेऊन बसू का घरात? तेरवीले समदे येतीन. समद्यायसमोर सांग."

मी काकांचं म्हणणं तिच्यापुढे ठेवलं. लढा बसेल म्हणतात. ती म्हणाली, भिंतीले भेगा हायेत त्या हायेतच ना? त्या काही तू नाही पाडल्या, अन् माह्या पोरानंही नाही पाडल्या. त्यायले कोण काय म्हणन? ज्या प्रश्नापाशी मी आठ दिवस अडले होते तो तिनं डाळ निवडता निवडता सोडवला.

म्हणून गज्या, काकांच्या पत्रकाच्या जागी हे. आज छापायला जाईल. वर तुझा तोच फोटो राहील, डोळे मिटलेला. ठळक मथळा नाही. उद्या पंगतीआधी मी हे उभी राहून वाचणार आहे. ज्यांनी त्यानंतर मला सभेत बोलवायचं नसेल त्यांनी बोलवू नये. पोलिसांत कोणी जायचं म्हणत असेल तर मी सोबत येईन. खाणीच्या लोकांच्या हाती हे पडेल, पडू दे; त्यांनी भिंती मोजायला यावं, मी दाखवायला येईन.

काल निघताना मी मावशीला विचारलं, तुम्ही आत बसाल ना, तुम्हाला ऐकवणार नाही.

"तू वाचजो. मी समोर बसतो," ती म्हणाली. "काही गाळलं तं मधातच उठतो."

मी हे तीनदा वाचून पाहिलं. काही गाळलेलं नाही.